शिट्टीचं नाव

परसराममामा तीन वर्षं मालवणच्या बोटीवर राबला.
परत आला तेव्हा पिशवीत होते
सुके बांगडे, एक फुटका शंख
आणि डॉल्फिन.

म्हणजे डॉल्फिनच्या गोष्टी.
पण मामा अशा सांगायचा
की पिशवी हलतेय असं वाटावं.

आमचं गाव तळ्याकाठी.
समुद्र इथून एक रात्र अन् अर्धा दिवस लांब.
आम्हाला ठाऊक मरळ, बोटरी, वाघूर,
आणि शिंगूर, ज्याचा काटा बोचला
की रात्रभर हात ठणकतो.

"नाक कसं असते त्याचं?"
"बाटलीवानी. पण ते नाकच नाही, तोंड होय.
खरं नाक डोस्क्यावर, झाकणाचं."
"असा कसा मासा?"
"मासा कायचा! पिल्लाले दूध पाजते ते.
आपल्या म्हशीची लांबची बहीण समज."

आमची चांदी तेव्हा तळ्यात बसली होती,
नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर.
फुस्स केलं तिनं.
इतकी वर्षं मी तिचं शेण काढते,
पण तिच्याकडे नीट पाहिलं ते त्या दिवशी.

मामा म्हणाला, पिल्लू जन्मतं शेपटीकडून.
आई त्याला वर नेते पहिल्या श्वासाला,
कधी कधी एखादी मावशीही सोबत पोहते.
म्हणाला, मासा गिळतात तो डोक्याकडून,
म्हणजे पंखांचे काटे घशात रुतत नाहीत.
"हे तर बगळ्यालेबी समजते," आजा बोलला
आणि जाळ्याची गाठ दातांनी ओढली.

म्हणाला, झोपतो तेव्हा मेंदू अर्धाच झोपतो.
एक डोळा मिटलेला, एक राखणीला.
मी रात्री करून पाहिलं.
उजवा मिटला, डावा ताणून धरला,
तर आईनं कचरा गेला समजून
डोळ्यात फुंकर मारली.

गढूळ पाण्यात, काळोखात
तो टक्‌टक्‌टक्‌ आवाज सोडतो.
आवाज आपटून परत येतो
तो खालच्या जबड्यातून ऐकतो,
आणि कळतं त्याला: खडक की मासा,
केवढा, किती दूर.
आम्ही थानसिंगच्या विहिरीत ओरडलो, "ओ!"
विहीर म्हणाली, "ओ!"
किती खोल, ते काही बोलली नाही.

पण खरी गोष्ट शेवटची.
प्रत्येक डॉल्फिनची शिट्टी वेगळी.
लहानपणीच तो ती स्वतः घडवतो.
तेच त्याचं नाव.
मैतराला हाक मारायची
तर मैतराचीच शिट्टी वाजवायची.

दुसऱ्या दिवशी शाळेत नुसता कलकलाट!
सगळ्यांनी नावं घडवली.
दुर्गाची लांब, शेपूट वर वळलेली.
पुरणची फुसकी, त्याचा दात पडलाय.
माझी दोन आखूड, एक घसरगुंडी.
गुरुजींनी चार दिवस सोसलं,
मग शिट्ट्या पारेपलीकडे हाकलल्या.

माझा भाऊ डोमेश.
त्याची जीभ शब्दांच्या उंबऱ्याला अडखळते.
माझं नाव त्रिवेणी. त्या 'त्रि'पाशीच
तो दम लागेपर्यंत थांबतो,
मग ओढतो माझी ओढणी,
नाहीतर खडा मारतो.
शिट्ट्यांच्या खेळात तो नव्हता.
पारेवर बसून ओठ पुसत राहायचा.

मार्गशीर्षातली पहाट.
तळ्यावर धुकं असं, की डोंग्याचं टोक दिसेना.
आजा वल्हवत होता, मी जाळं ओढत होते.
काठ कुठे ते आजालाही सांगता येईना.
हातात जाळं गार, बोटं बधिर.

आणि धुक्यातून आली:
दोन आखूड, एक घसरगुंडी.

कुठे अडखळली नाही.
पुन्हा आली, जरा डावीकडून.
आजानं न बोलता डोंगा तिकडे वळवला.

डोमेशची शिट्टी कोणती, मला माहीत नव्हतं.
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
मी ओठ ओले केले
आणि माझीच परत पाठवली.
तो हसला. धुक्यात हसू ऐकू येतं.
मग त्यानं एक नवीनच वाजवली,
बुटकी, मधेच गिरकी घेणारी,
दोनदा, म्हणजे मला पाठ व्हावी.

जाळ्यात त्या दिवशी तीन बोटऱ्या
आणि कुणाची तरी चप्पल.